होळीची बरणी

सुकापूर, नवीन पनवेल
११ जानेवारी

सखू आत्या,

हे पत्र मी दिवाळीपासून लिहितेय. म्हणजे कागद दिवाळीत आणले. पहिल्यावर किराण्याची यादी झाली, दुसरा खोलीतल्या मुलीनं फोडणीचे हात पुसायला घेतला, तिसऱ्यावर ‘सखू आत्या’ एवढं लिहून मी खिडकीतून समोरच्या इमारतीला रंग देणारे लोक बघत बसले, तासभर. एकजण दोरीवर लटकून डबा खात होता. तर हा चौथा कागद. फोन तू उचलत नाहीस, ते बरंच आहे. फोनवर मी काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही. कागदावर निदान खोडता येतं.

मी पनवेलला परत आलेय. गेल्या होळीला निघाले ते आधी हिमाचलला गेले, मधपेट्यांच्या ट्रकवर. तीनशे पेट्या, सफरचंदाच्या बागा, आणि तिकडची ती मोठी पिवळी माशी. आपल्या सातेरीपेक्षा फारच गरीब गं. हात घातला तरी नुसती बाजूला सरकते. मला करमेना. मग गोव्यात एका हॉटेलात चादरी बदलल्या. तिथून का निघाले ते आता आठवतही नाही. दिवाळीत पनवेल स्टँडवर उतरले आणि वाटलं, गव्हाणला जाऊन यावं. गेले. आपल्या पेट्या होत्या तिथून आता रस्ता जातो, हे तुला सांगायला नको. पण रस्त्याच्या कडेला तिवरांची एक रांग अजून आहे, आणि त्यातल्या एका खोडाला तू पेटीखाली बांधायचीस तसली मुंग्यांसाठीची तेलाची चिंधी अजून गुंडाळलेली आहे. चिंधी तुझीच असेल असं नाही. मी आपलं तुझीच समजले.

आता कामाचं. खांदा कॉलनीच्या पुढे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तपासणीची लॅब आहे, तिथे मी लागलेय. काचेची भांडी धुवायची, आलेले नमुने वहीत चढवायचे, फ्रीजमध्ये लावायचे. बारावी नापासला हे पुष्कळ झालं. तपासणी करतात त्या रुचिरा मॅडम. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, ‘भांडं स्वच्छ दिसतं म्हणजे स्वच्छ असतं असं नाही.’ एवढंच.

तिथे एक यंत्र आहे. त्याला एचपीएलसी म्हणतात. नमुना पातळ करून सुईनं आत सोडायचा. आत बोटाएवढी स्टीलची नळी असते, गच्च भरलेली. त्यातून द्रव दाबानं ढकलतात, आणि नमुन्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला बाहेर पडते. कुणी चौथ्या मिनिटाला, कुणी अठराव्या. बाहेर पडली की पडद्यावर उंचवटा उमटतो. जितका माल जास्त तितका उंचवटा मोठा. मॅडम त्याला पीक म्हणतात. मी मनात रास म्हणते. खरंच सांगते, पडदा लांबून पाहिला तर तुझ्या भावाच्या, जगनआबाच्या मिठागरावरच्या राशी दिसतात, बांधावर ओळीनं घातलेल्या, एक मोठी, दोन बारक्या. लहानपणी तू मला त्या मोजायला लावायचीस आणि मी मध्येच बगळा बघून आकडा विसरायचे.

एवढं सगळं सांगतेय कारण मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका दुकानवाल्याकडून तीन बरण्या आल्या. सांध्याला चोळायचं मलम, मधमाशीच्या विषाचं. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं, तसा नियम आहे, आम्हाला फक्त नंबर. पण झाकणावरच्या फडक्याला मिठाच्या गोणीची गाठ होती, आत दुमडून वर ओढलेली. अशी गाठ मलमाच्या बरणीला आणखी कोण मारतं? फडकं सोडलं आणि उंडीच्या तेलाचा वास आला. मी खुर्चीवर बसले. झाकणांच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात एकेक शब्द, ज्या सणाला विष काढलं त्याचं नाव: दसरा. होळी. अखाती, वहीत मी ‘अक्षय्य तृतीया’ लिहिलं.

आत्या, हे तुला कळवायला मला परवानगी नाही. तरी कळवते. दसरा चांगली निघाली. अखातीही. विषातलं जे मुख्य असतं, मेलिटिन, त्याची रास दोन्हींत ठसठशीत. होळीच्या बरणीत जवळजवळ काही नाही. सपाट. दुकानवाल्यांचं पत्र मी वहीला लावताना वाचलं. त्यांच्याकडे कुणीतरी तक्रार केलीय की होळीच्या मलमानं काही होत नाही. रिपोर्टही तसाच गेला तर ते तुझं मलम उचलून टाकणार आणि इतर दुकानांनाही कळवणार की ही बाई विषाच्या नावानं नुसतं मेण विकते. रिपोर्ट तेवीस तारखेला जाणार आहे.

असं का झालं ते मला माहीत नाही.

बरं, जेवणाची वेळ झाली. म्हसळ्याला यंदा थंडी आहे का? गुडघा कसा आहे?

हेतल


सुकापूर
१९ जानेवारी

सखू आत्या,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. कुठलं ते तुला कळलंच असेल.

होळीच्या आदल्या दिवसाचं सांगते. तू मासळीला बाजारात गेली होतीस. मी ओटीवर बसून काचा खरवडत होते. बारा काचा, महिनाभराचं काम. ते आठवलं की अजून बरं वाटतं, खरंच. पेटीच्या तोंडाशी काच, काचेवर तारा, तारांना बॅटरी. झटका लागला की माश्या काचेला डंख मारायच्या आणि काचेत नांगी रुतत नाही म्हणून एकही मरायची नाही. हे तू मला पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला वाटलं, जगात याच्याइतकं हुशार काही नसेल. मग खाडीकाठच्या सगळ्या खाजणावर पिकल्या केळ्यांचा वास सुटायचा, चिडलेल्या माश्यांचा. तू म्हणायचीस, ‘आता गप ऱ्हा, त्यांना राग काढू दे.’ आणि आपण दोघी तिवराखाली बसून चणे खायचो. तुझ्या हातात चणे, माझ्या हातात बॅटरीची कळ. एका मोसमात मी झोपले होते आणि कळ चालूच राहिली होती, आठवतं? तू ओरडली नाहीस. पेटीसमोर गूळपाणी ठेवलंस आणि माश्यांना म्हणालीस, पोर हाय, माफ करा.

तर काचा. काचेवर वाळलेल्या विषाची पांढरी पूड, नाकात गेली तर जाळ. मी सगळी खरवडून त्या छोट्या बाटलीत भरली. बूच लावायचं एवढंच बाकी होतं. तेवढ्यात पोरं होळीचं झाड ओढत आणत असल्याचा आवाज आला आणि मी उठून दारात गेले. बाटली हातात, उघडीच. त्यांचं झाड वळणावर अडकलं होतं आणि काशीराम मास्तर त्यांना कसं फिरवायचं ते सांगत होते, उलटं. मला हसू आलं. मग खाडीवरून वारा आला.

एवढंच झालं. एका वाऱ्यात बारा काचा. अर्धी अंगणात, उरलेली माझ्या नाकाडोळ्यांत.

मी तुला सांगायला हवं होतं. पण त्या वेळी सगळंच चाललं होतं ना, जमीन गेलेली, पेट्या हलवायच्या होत्या, आणि तू रोज म्हणायचीस की एवढी एक बाटली झाली की म्हसळ्याला पहिला मोसम निघेल. मी आत गेले. देवाखालच्या गाडग्यात जगनआबाचं मीठ होतं, शेवटच्या वर्षीच्या शेवटच्या राशीचं, जे तू जेवणात कधी घातलं नाहीस. त्यातलं मूठभर घेतलं. खलबत्त्यात कुटलं, विषासारखं बारीक होईपर्यंत, आणि बाटली भरली. बूच लावलं. वर चिठ्ठी डकवली, ‘होळी’, माझ्याच अक्षरात.

तू आलीस तेव्हा माझे डोळे सुजले होते आणि नाक गळत होतं. तू विचारलंस, ‘डोले लाल कशानं गं?’ मी म्हटलं, एका मैत्रिणीशी भांडण झालंय, रडले. तू मासळी साफ करायला बसलीस. दुसऱ्या दिवशी मी गेले. तुला वाटलं असेल, या पोरीचा पाय एका जागी ठरतच नाही. सगळ्यांना तेच वाटलं. मला ते सोयीचं होतं.

म्हणजे आता होळीच्या बरणीत जे सापडत नाही ते मीच उडवलेलं आहे. तू त्या बाटलीतलं मीठ विष समजून घोटलंस, बरण्या भरल्यास, झाकणात नाव लिहिलंस. आणि खोटी ठरणार तू.

उद्या रुचिरा मॅडमना सांगणार आहे. मग त्या मला ठेवतील असं वाटत नाही. जायची मला सवय आहे, पण या वेळी जाववत नाहीये. हे नवीनच आहे.

मिठाबद्दल जास्त वाईट वाटतं की विषाबद्दल, ते मला ठरवता येत नाही.

हेतल


लॅबचा जिना, दुपारची सुट्टी
३ फेब्रुवारी

सखू आत्या,

तुझं उत्तर नाही. आलं नाही म्हणून हे लिहिणार नव्हते, पण जे झालं ते कळल्यावर गप्प बसवेना.

वीस तारखेला मॅडमना सगळं सांगितलं. नमुना कुणाचा ते मला माहीत आहे इथपासून मिठापर्यंत. त्यांनी हातातलं काम ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, लिही. तारीख, वेळ, सही. मी लिहिलं. मग म्हणाल्या, या तीन बरण्यांना आता तू हात लावायचा नाहीस, दारातून आत यायचं नाहीस. घालवलं मात्र नाही. फक्त विचारलं, ‘मीठ किती होतं?’

मी म्हटलं, बाटली भरून.

‘मग ते दिसायला हवं,’ म्हणाल्या.

मिठाची परीक्षा सोपी असते. नमुना पाण्यात हलवायचा, त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असलं तर पाणी दुधासारखं फाटतं. मी काचेच्या दाराबाहेर उभी. मॅडमनी होळीच्या बरणीतलं मलम घेतलं, पाण्यात हलवलं, थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. स्वच्छ. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा स्वच्छ.

आत्या, मला आनंद व्हायला हवा होता ना? मला भीती वाटली. विष नाही, मीठही नाही. मग तू त्यात घातलंस काय? काहीच नाही? तू? मी तुला दहा वर्षं मलम घोटताना पाहिलंय. पूड सांडली तर तू बोटानं टिपून परत घालायचीस आणि मग तासभर ते बोट चोळत बसायचीस. दोन्हींपैकी एक तरी त्या बरणीत असायलाच हवं होतं.

आणि मग मला आठवलं. मी दारातूनच म्हटलं, ‘मॅडम, होळीच्या मलमात मेण दुप्पट असतं.’

त्यांनी वळून पाहिलं.

मी सांगितलं की होळीनंतर ऊन वाढतं, बरणीतलं मलम पातळ होऊन झाकणातून गळतं, म्हणून आत्या त्या घाण्यात मेण दुप्पट घालते. घट्ट होतं, खडूसारखं. दसऱ्याचं आणि अखातीचं मऊ, अखातीचं तर पावसाळ्यात विकायचं असतं. हे पाण्यात नुसतं हलवून विरघळणारच नाही. विष असो की मीठ, आतच बसेल.

मॅडमनी चष्मा काढला. ‘हे कुणी लिहून दिलं नव्हतं,’ म्हणाल्या. कोण लिहून देणार? ते तुझ्या हातात असतं.

मग त्यांनी मला काम दिलं. कोरं मलम कर, म्हणाल्या. अगदी होळीसारखं, फक्त विष नको. मी पॅन्ट्रीतल्या शेगडीपाशी बसले. मेण, खोबरेल, उंडी. नारळाच्या करवंटीनं मोजून घेतलं, तराजू शेजारी असून. ढवळताना एकाच दिशेनं, वर साय धरेपर्यंत. मला वाटलं होतं मी विसरले असेन. हात विसरला नव्हता. उंडीचा वास सगळ्या मजल्यावर गेला, पलीकडच्या ऑफिसातली दोन माणसं बघायला आली, एकजण म्हणाला त्याच्या आजीच्या पाठीला असाच वास यायचा. मला क्षणभर वाटलं मागे तू उभी आहेस आणि आता म्हणशील, आच कमी कर.

त्या कोऱ्या मलमात मॅडमनी स्वतःकडचं विष घातलं, तोलून, किती ते नक्की माहीत असलेलं. मग नेहमीच्या पद्धतीनं तपासलं. शंभर भाग घातले होते, परत आले चार. चार, आत्या. म्हणजे तुझं मलम खोटं असेलच असं नाही, आमचं मोजणं मात्र नक्की खोटं होतं. मी विचारलं, बाकीचं गेलं कुठं? मॅडम म्हणाल्या, बरंचसं मेणात अडकलं, आणि थोडं काचेला चिकटलं. मेलिटिन काच सोडत नाही.

मी हसलेच. मग त्यांना सांगावं लागलं की माझी आत्या हे सातवी शिकून सांगत आलीय. काच खरवडताना तुझं ते वाक्य: ‘काच इख सोडत नाय पोरी, तिची मनधरनी करावी लागते.’ मॅडमनी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. खरंच लिहिलं, मी पाहिलं. आणि काचेच्या नळ्या काढून प्लास्टिकच्या लावल्या.

दुकानवाल्यांकडून त्यांनी दहा-बारा दिवस मागून घेतले. रोज थोडं थोडं बदलून पाहत होत्या. शेवटी जमलं ते असं: मलम आधी कोमट करून हेक्झेन नावाच्या, मेण-तेल विरघळवणाऱ्या द्रवात पूर्ण विरघळवायचं, म्हणजे मेण-तेल वर तरंगतं, मग खाली किंचित आंबट केलेलं पाणी घालून जोरात फिरवायचं. विष मेण सोडून पाण्यात उतरतं. कोऱ्या मलमावर करून पाहिलं, शंभरातले चौऱ्याण्णव परत आले. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेवढेच, एक-दोन इकडेतिकडे.

काल दुपारी खरी होळीची बरणी लावली. मला आत जायचं नव्हतंच. या जिन्यावर बसून होते. अठराव्या मिनिटाला रास उठायला हवी होती. सतराव्या मिनिटाला मी चपलेचा पट्टा तोडला, ओढून ओढून. आता निघेल ते मीठ किंवा विष, आणि मीठ निघालं तर ते माझं.

मॅडम दारात आल्या. ‘ये बघायला,’ म्हणाल्या. ‘लांबून.’

दसऱ्याएवढीच रास. आबाच्या मोठ्या राशीसारखी, टोकदार. मिठाची परीक्षा पुन्हा केली होती, पाणी स्वच्छ. रिपोर्ट आज सकाळी गेला. तिन्ही बरण्या खऱ्या. खाली मॅडमनी लिहिलंय की आधीचा आकडा पद्धतीतल्या चुकीमुळे होता. मला म्हणाल्या, तुझं नाव घालता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, नकोच.

रात्रभर एकच विचार करत होते. माझी बाटली तू वापरलीच नाहीस. म्हणजे तुला कळलं होतं. कधी? लाल डोळे पाहिलेस तेव्हाच? भांडण करून कुणाचं नाक असं गळत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. आणि मग होळीच्या घाण्यातलं विष आलं कुठून? मी गेल्यावर तू एकटीनं पुन्हा बारा काचा लावल्यास ना, त्या गुडघ्यानं, म्हसळ्याच्या नव्या खाडीवर? आणि झाकणात ‘होळी’ लिहिलंस, अखाती जवळ आलेली असताना. माझी चूक तू कुणाला दिसू दिली नाहीस. मलाही नाही.

असं असताना फोन का उचलत नव्हतीस ते आता कळतंय. मी सांगण्याची वाट बघत होतीस. मी मात्र

थांब, विठूकाका आलेत. आमचे वॉचमन.

ते म्हणतायत, खाली एक बाई आल्यात, नऊवारी, पायाला रस्त्याची धूळ, म्हणतायत म्हसळ्याहून आले, नमुना द्यायचाय. हेतल नावाच्या पोरीच्या हातातच देणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. पनवेलला पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस, जमीन गेली तेव्हा. विठूकाकांनी रजिस्टर पुढे केलं तर बाईंनी छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली, पांढऱ्या पुडीची, वर जुनी चिठ्ठी. नमुन्याचं नाव काय लिहू, त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, ‘लिवा. जगनचं मीठ.’

हे पत्र आता पाकिटात घालत नाही. हातातच देते.